आरोग्याची आगोट

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले निवेदन)



वर्षभराच्या कामकाजाचा आढावा आणि लेखापरीक्षित हिशेब असलेल्या अहवालाच्या प्रती आपल्या हाती आहेतच. त्यातील आकडे येथे पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. मला बोलायचे आहे ते एका अशा खर्चाविषयी, ज्याला आपल्या जमाखर्चात अद्याप स्वतंत्र शीर्ष नाही. त्यासंबंधीचा एक प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याची पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक असावी, एवढाच या निवेदनाचा हेतू आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नाडीपरीक्षा मला येत नाही. परंतु बिलाच्या खिडकीमागून रुग्णालयाकडे पाहताना एक गोष्ट वर्षानुवर्षे लक्षात येत राहिली आहे. वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाचे बिल लहान असते, उशिरा पोहोचलेल्याचे मोठे. फुरसे किंवा घोणस चावलेला माणूस तासा-दोन तासांत आला, तर प्रतिविषाच्या कुप्या आणि काही दिवसांचा मुक्काम यांवर बहुधा भागते. तोच दुसऱ्या दिवशी आला, तर रक्तस्राव, मूत्रपिंडाचा बिघाड, डायलिसिस अशी मालिका सुरू होते, आणि इतके करूनही कधी कधी हाती काही लागत नाही. हा उशीर रुग्णालयाच्या दारात क्वचितच होतो. तो वाडीत होतो, भरून वाहणाऱ्या पऱ्याच्या काठावर होतो, वाहून गेलेल्या साकवाच्या पलीकडे होतो.

कोकणातील माणसाला आगोट म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मृग लागण्यापूर्वी घरात तांदूळ, कडधान्ये, मीठ, मसाला, सुकी मासळी भरली जाते. सरपण आत घेतले जाते, कौले परतली जातात, पडवीला झावळ्यांचे आडोसे बांधले जातात. चार महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटू शकतो हे गृहीत धरून आपल्या आजी-पणज्यांनी घर चालविले. हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आरोग्याच्या बाबतीत मात्र आपण आगोटीची बेगमी करीत नाही. पाऊस आला, रस्ता बंद झाला, की मग धावाधाव सुरू होते.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याची आपल्याला सवय आहे. प्रश्न आहे तो पावसाच्या बदललेल्या स्वभावाचा. २६ जुलै २००५ चा महापूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरे व बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, आणि दोन महिने उलटतात तोच २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी चिपळूण शहर बुडविले. त्याच दिवसांत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आहे. तेव्हा ही संकटे योगायोगाची मानून स्वस्थ बसणे आता परवडणारे नाही. दुसरीकडे, एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, आणि त्याबरोबर जुलाब, उलट्या आणि उष्म्याचे विकार येतात. एकाच गावाला पूर आणि टंचाई या दोन्हींशी झगडावे लागते.

अशा दिवशी रुग्णालयाचे काय होते, हे चिपळूणने आपल्याला दाखविले. तेथील एका कोविड रुग्णालयात पुराचे पाणी शिरले, वीज गेली, आणि आठ रुग्ण दगावल्याचे वृत्त आपण त्या दिवसांत वाचले. त्यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. रुग्णालय नावाची व्यवस्था किती नाजूक धाग्यांवर टांगलेली असते, एवढेच मला सांगायचे आहे. वीज गेली की जनित्र, जनित्र तळमजल्यावर असेल तर तेही पाण्यात, आणि मग प्राणवायू, शीतकपाट, लिफ्ट, पाण्याचा पंप हे सारे एकामागून एक थांबते. औषधांचे भांडार आणि रुग्णांच्या नोंदी सोयीसाठी तळमजल्यावरच ठेवलेल्या असतात. समजा, रुग्णालय उंचावर आहे आणि कोरडे राहिले, तरी रस्त्याचे काय? त्याच पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठीचा जुना पूल खचला आणि वाहतूक बंद झाली. डॉक्टर एका तीरावर, परिचारिका दुसऱ्या तीरावर आणि रुग्ण तिसऱ्याच गावात, अशी अवस्था होते. त्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत माणसाचा जीव सांभाळणारा जो कोणी असतो, तो त्याच्या वाडीतलाच असतो.

आणि आपल्या वाडीत आज कोण आहे? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. अवघ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांचा अर्थ आपण सारे जाणतो. कमावता मुलगा मुंबईत किंवा पुण्यात, आणि घरी म्हातारे आईवडील, सून आणि लहान मुले. डोलीला चार खांदे लागतात. आषाढात रात्री दोन वाजता पाखाडी उतरून रुग्णाला रस्त्यापर्यंत आणायला ते चार खांदे अनेक वाड्यांत आता सापडत नाहीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. परंतु रुग्णवाहिका रस्ता असेल तेथवरच येते.

या अडचणीवर उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या लक्षात आले की पाण्यावाचून औषध व्यर्थ आहे, म्हणून पिण्याच्या पाण्याचे काम हे आरोग्याचेच काम ठरले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास गावातील स्त्रियांना शिकविले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रुग्णालय बांधून जे झाले नसते, ते प्रशिक्षित शेजारणीने केले.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी उंबरठ्यावरचे. महाड परिसरात विंचूदंशाने माणसे दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील ग्रामीण आरोग्य केंद्रात राहून रुग्णांची रात्र रात्र निरीक्षणे केली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर उपयोगी पडते, हे सिद्ध केले. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. एक प्रशासक म्हणून मला या शोधातील दुसरी बाजू विशेष वाटते. प्राझोसिन ही स्वस्त गोळी आहे. तिला शीतकपाट लागत नाही, वीज लागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती लहानात लहान आरोग्य केंद्रात ठेवता येते. वादळाच्या रात्री टिकणारी आरोग्यसेवा अशी असते.

या अनुभवांच्या आधारे विश्वस्त मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव थोडक्यात सांगतो. त्याचे नाव आम्ही 'आरोग्याची आगोट' असे ठेवले आहे.

पहिला भाग वाडीचा. दरवर्षी मे महिन्यात, चाकरमानी मंडळी सुट्टीसाठी गावी असताना, प्रत्येक सहभागी वाडीची एक बैठक व्हावी आणि त्या बैठकीत वाडीने आपल्यातील चारजण निवडावेत. निवड वाडीने करायची, आपण नाही. या चौघांनी आशाताईंच्या सोबतीने एक आरोग्यवही तयार करायची. जून ते सप्टेंबर या काळात कोणाची प्रसूती अपेक्षित आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोण इन्सुलिन घेते, कोणाला फेफऱ्याची, क्षयाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणते घर दरडीखाली किंवा नदीकाठी आहे, याची नोंद त्या वहीत असेल. ज्यांची प्रसूती भर पावसात आहे, त्यांनी आठ-पंधरा दिवस आधीच रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ येऊन राहावे. शासनाने आदिवासी भागांत माहेरघर योजना राबविली, तिच्यामागील विचार हाच आहे. नियमित औषधे घेणाऱ्यांकडे किमान एक महिन्याचा साठा आधीच असावा. साकव गेला तर दुसरी वाट कोणती, खाडीपलीकडे जायला होडी कोणाची, जीप कोणाची, हेही वहीत असावे.

त्याच चौघांना चार गोष्टी पक्क्या शिकवायच्या. सर्पदंश झाल्यावर आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. अवयव हलू न देता प्रतिविष असलेल्या ठिकाणी पोहोचवायचे. भातलावणीच्या दिवसांत किंवा पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे. पूर ओसरल्यावर विहीर उपसून, टीसीएल पावडर टाकल्याशिवाय तिचे पाणी प्यायचे नाही. जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी लगेच सुरू करायचे. यात विशेष असे काही नाही, हे मला मान्य आहे. परंतु हे जाणणारा माणूस रात्री दोन वाजता हाकेच्या अंतरावर असणे, हे विशेष आहे.

वाडीला हे जमेल का, असे काहींनी मला विचारले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कोणत्या घरी, कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने जाणार, हे ज्या गावाला तोंडपाठ असते, त्या गावाला गर्भवती स्त्रियांची यादी ठेवणे अवघड नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात गावोगावच्या ग्राम कृती दलांनी मुंबईहून आलेल्या माणसांची राहण्याची, जेवणाची आणि विलगीकरणाची व्यवस्था केली, हे आपण पाहिले आहे. संघटन आपल्याकडे आहे. त्याला केवळ आरोग्याची दिशा द्यावयाची आहे.

दुसरा भाग रुग्णालयाचा. जनित्र, विजेचे मुख्य फलक, प्राणवायूची व्यवस्था आणि औषधांचे भांडार ज्ञात पूररेषेच्या वर असावे. शीतकपाट, दिवे आणि संपर्कयंत्रणा यांपुरती तरी छपरावर सौरऊर्जा असावी. प्रतिविष द्रवरूपात असेल तर ते थंडाव्यात ठेवावे लागते. भुकटीच्या स्वरूपातील प्रतिविष वीज नसतानाही अधिक काळ टिकते, म्हणून पावसाळ्यापुरता त्याचा साठा अधिक असावा. हवामान खात्याचा लाल इशारा आला की पुढच्या पाळीच्या कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय रुग्णालयातच व्हावी. आणि रात्रपाळीच्या टेबलावर भरती-ओहोटीचे कोष्टक असावे, कारण आपल्या नद्यांचा पूर भरतीच्या वेळी उतरत नाही.

आता मुद्दा पैशाचा, जो माझ्या अधिकारातला आहे. हिशेबशास्त्रात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन प्रकार आहेत. इमारत, यंत्र, रुग्णवाहिका हा भांडवली खर्च. त्यातून मालमत्ता उभी राहते, तिच्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते, आणि दरवर्षी तिचा घसारा धरला जातो. वाडीतील प्रशिक्षण, वह्या, प्रवासखर्च, मानधन हा महसुली खर्च. तो वर्षअखेरीस संपतो, त्यावर पाटी लावता येत नाही. म्हणून देणग्या पहिल्याकडे जातात आणि दुसऱ्याकडे येत नाहीत. यात दात्यांचा दोष नाही. आम्ही प्रशासकांनी मागितलेच तसे. निर्धन रुग्ण निधीतून हा खर्च करावा, असेही कोणी सुचवील. परंतु तो निधी गरीब रुग्णांच्या उपचारासाठी आहे आणि त्याला हात लावणे योग्य होणार नाही.

हिशेबाच्या नियमांचा पूर्ण आदर राखून मला असे वाटते की, कोकणात हे दोन्ही शब्द एकदा उलटे करून पाहावेत. लाखो रुपयांचे यंत्र एका रात्रीच्या पुरात निकामी होऊ शकते. वाडीतल्या एखाद्या ताईला झालेले ज्ञान वाहून जात नाही, त्याला गंज चढत नाही, त्यावर घसारा धरावा लागत नाही. उलट ती ते सुनेला देते, शेजारणीला देते. वर्षागणिक वाढणारी अशी मालमत्ता माझ्या ताळेबंदात दुसरी नाही.

एका सन्माननीय विश्वस्तांनी मला मार्मिक प्रश्न विचारला : न घडलेला मृत्यू तुम्ही कोणत्या खात्यात लिहिणार? त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. तथापि काही गोष्टी आम्ही निश्चितपणे मोजू शकतो. ३१ मेपर्यंत किती वाड्यांच्या वह्या पूर्ण झाल्या, सर्पदंशापासून रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास किती तास लागले, ताप आल्यानंतर कितव्या दिवशी रक्त तपासले गेले, पावसाळ्यात किती डायलिसिस चुकले. हे आकडे पुढील वर्षापासून अहवालात छापावेत, चांगले असोत वा नसोत, असा माझा आग्रह राहील. पूर्वतयारीने किती फरक पडतो, याचे मोठे उदाहरण ओडिशाचे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोकांना वेळीच हलविण्यात आले, आणि बळींची संख्या शंभरापर्यंतही गेली नाही. वादळ रोखणे कोणाच्याच हाती नव्हते. गावोगावी निवारे बांधणे आणि इशारा मिळताच उठणारी माणसे तयार करणे हाती होते, ते त्यांनी केले.

दोन मर्यादाही स्पष्टपणे सांगतो. आपण शासनाला पर्याय उभा करीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि आशाताई हाच ग्रामीण आरोग्याचा कणा आहे. आपले काम त्याला टेकू देण्याचे. दुसरे असे की, लोकसहभाग या गोड शब्दाखाली गावातील स्त्रियांवर फुकटचे काम लादले जाऊ नये. आशाताईंच्या खांद्यावर आधीच भरपूर ओझे आहे. जी व्यक्ती दिवसाची मजुरी सोडून प्रशिक्षणाला येईल, तिला त्या दिवसाचे मानधन मिळालेच पाहिजे, आणि प्रस्तावात तशी तरतूद केली आहे.

देणगीदार मित्रहो, माझी विनंती साधी आहे. आपण इमारतीसाठी आणि यंत्रांसाठी आजवर भरभरून दिलेत, त्यावरच हे रुग्णालय उभे आहे. यापुढे आपल्या देणगीचा काही भाग, तो कितीही लहान असो, 'आरोग्याची आगोट' या शीर्षाखाली द्यावा. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांना माझे विशेष आवाहन आहे. आपण गावच्या देवळाचा जीर्णोद्धार केलात, सभामंडप बांधलात, शाळेला संगणक दिलेत. आता आपल्या वाडीचे पालकत्व घ्या. मे महिन्यात गावी याल तेव्हा एक संध्याकाळ त्या बैठकीला द्या. आपले आईवडील तेथेच राहतात.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. आपला माणूस बरा होऊन घरी जाताना त्याचे कागद आणि औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा, आणि त्याच्या आजाराची माहिती शेजारच्या दोन घरांना असू द्या. पुराच्या दिवशी उपयोगी पडेल अशी ही बेगमी बिनखर्चाची आहे.

 प्रस्तावावर विश्वस्त मंडळ योग्य तो निर्णय घेईलच. तो मृगापूर्वी व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.